सात फर्मे

आमच्या लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं.
वर जायचे वीस तेत्री, उतरणं फुकट.
मी नवव्या मजल्यावर राहते, ग्लदानीत,
आणि पंधरा महिने, दिवसातून दोनदा,
जिन्याने वर आले.
गुडघ्यांना सांगितलं, तुम्ही भागीदार आहात.
लोणच्याच्या बरणीत एकशे ऐंशी लारी जमले.

माल्खाजचा छापखाना तळघरात.
हॉटेलांची मेनूकार्डं, निवडणुकीत उमेदवारांचे चेहरे,
एरवी दातांच्या डॉक्टरांची पाकिटं.
त्याने माझी वही हातावर तोलली,
टरबूज तोलतात तशी.
काय आहे यात?
ट्राममध्ये लोक काय काय विसरले ते.
सव्वीस वर्षं चालवली मी ट्राम,
रूळ उखडले त्या दिवसापर्यंत.
छत्र्या, डाळिंबांची पिशवी, एक क्लॅरिनेट,
कवळी (हो, कवळीसुद्धा),
लग्नाचं निमंत्रण, ज्यावर नाव घालायचं राहिलं होतं.
एकेका वस्तूची एकेक कविता.
कविता, असं म्हणून
त्याने दोनातला एक दिवा मालवला.

शंभर प्रती, सहाशे चाळीस.
मुखपृष्ठ एकरंगी. दुसरा रंग हवा असेल
तर तो आकाशातून आणा, म्हणाला.
मग बोटांवर मोजून दाखवलं:
सोळा पानांचा एक फर्मा,
सात फर्म्यांची एकशे बारा पानं,
तुमची भरतात एकशे सोळा.
चार पानांसाठी आठवा फर्मा लावायचा
म्हणजे एका पाहुण्यासाठी बस भाड्याने घेण्यासारखं.
अक्षर बारीक करू?
नको. माझे वाचक चष्मा घरी विसरणारे.

मग चार पानं काढायला बसले.
अनुक्रमणिका गेली. काय कुठे सापडेल
हे ट्राममध्ये तरी कुणाला ठाऊक असायचं?
लेखिकेचा परिचय गेला, तसाही तो
दीड ओळीत संपत होता.
आभार गेले. लामझिरा दोन आठवडे बोलली नाही,
तिने शंभर लारी उसने दिले होते
आणि नाव छापून येणार म्हणून बहिणीला कळवलं होतं.
चौथं पान लाल हातमोज्याचं.
ज्याच्यासाठी ते लिहिलं त्याला ते ठाऊक आहे.
नाही, ठाऊक नाही.
म्हणून तर ते काढता आलं.

शिवणयंत्राचे अडीचशे आले.
उरलेले एकशे दहा माल्खाजने अजून मागितलेले नाहीत
आणि मी त्या गल्लीने जात नाही.

गठ्ठे घरी आले तेव्हा मात्र
लिफ्टमध्ये नाणं टाकलं. दोनदा टाकावं लागलं,
पहिल्या फेरीत पुस्तकंच मावली,
मी नाही.

एक्केचाळिसाव्या पानावर एक अक्षर पडलेलं.
एक अक्षर, पण त्याच्यावाचून
क्लॅरिनेट वाजवणारा माणूस
क्लॅरिनेट विकणारा होतो.
निळ्या पेनाने घातलं ते, शंभर वेळा.
सत्तराव्या प्रतीपर्यंत अक्षर वळणदार आलं,
नंतर हात आपला आपणच चालत होता,
शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो तसा.

शनिवारी सुक्या पुलावर बसते.
डावीकडे एकाच्या जुन्या पदकांची चादर,
उजवीकडे समोवार.
एका बाईने पुस्तक उचललं, खालची चादर पाहिली,
चादरीची किंमत विचारली.
एका मुलाने उभ्याउभ्या कवळी वाचली
आणि हसला. मोठ्याने. पैसे नव्हते त्याच्याकडे.
थंडी फार होती, पदकवाल्याने चहा दिला.
मी त्याला एक प्रत दिली, त्याने मला
कसल्यातरी शौर्याचं पदक देऊ केलं.

रात्री हिशोब मांडला.
विकल्या चार, वाटल्या अकरा,
घरात असायला हव्यात पंच्याऐंशी.
आहेत चौऱ्याऐंशी.
पलंगाखाली पाहिलं, बरणीमागे पाहिलं.
बसमध्ये राहिली असेल, एकशे बारा पानं लिहून
मीच विसरले असेन सीटवर.
किंवा त्या मुलाने,
चहा घेताना माझी पाठ वळली तेव्हा.

चोरलीच असू दे, देवा.
फुकट मिळालेलं कुणी वाचत नाही,
विकत घेतलेलं लोक नंतरसाठी ठेवतात.
चोरलेलं मात्र
घरी पोचायच्या आत उघडतात.